आमची वाटचाल: कॅमेरा हातात घेतला तेव्हा

आम्ही दाराच्या पितळी मुठी, कड्या, हुक बनवतो. ओतकाम, कानस, पॉलिश यात हात बसलेला. पण माल ऑनलाइन विकायचं ठरलं आणि घोडं फोटोंपाशी अडलं. बाहेरून काढून घेतलेले फोटो सुरेख यायचे. मात्र प्रत्येक नव्या नमुन्यासाठी फोटोग्राफरची वेळ मिळेपर्यंत ताटकळायचं, हे छोट्या धंद्याला झेपत नाही. शेवटी कॅमेरा आम्हीच उचलला.

अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ ही नावं ऐकूनच निम्मी माणसं मागे सरतात. (शिकवणारेही ती जरा भारदस्त आवाजातच उच्चारतात.) तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच: उजेड किती? भिंगाचं भोक किती मोठं, ते किती वेळ उघडं, आणि मिळालेला उजेड किती वाढवून घ्यायचा. अ‍ॅपर्चरच्या २.८, ४, ५.६, ८, ११ या आकड्यांत पुढे सरकाल तसा दर पायरीला उजेड निम्मा होतो, एवढंच. मूठ काही पळून जात नाही. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ११, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या बैठकीपर्यंत सगळं रेखीव येतं. शटर लागेल तितका वेळ उघडं राहू दे. बोटाचा धक्का नको म्हणून २ सेकंदांचा टायमर.

पांढरा कागद फोटोत राखाडी का येतो, हेही असंच उलगडलं. समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा एकूण उजेड, एखादा स्टॉप (एक पायरी, म्हणजे दुप्पट) वाढवला की कागद पांढरा.

खरी डोकेदुखी पितळेची. चकचकीत मुठीत खिडकी, ट्यूबलाइट, कॅमेऱ्यामागचा माणूस, सगळे हजेरी लावतात. इथे दिवे वाढवून काही होत नाही. मुठीला समोर काय दिसतंय तेच बदलावं लागतं. हे आमच्या पॉलिशच्या कारागिराने सगळ्यांच्या आधी ओळखलं. तो रोज तुकडा उजेडात फिरवून ओरखडे शोधतो, चकाकी कुठे तुटते ते त्याला लगेच दिसतं. त्याने मुठीच्या तिन्ही बाजूंनी ट्रेसिंग पेपर उभा केला, खिडकीचा उजेड त्यातून गाळून घेतला. तरी गोलाई सपाटच दिसत होती. मग त्याने काळ्या पुठ्ठ्याची बारीक पट्टी एका अंगाला धरली. तिची काळी रेघ पितळेत उमटली आणि मूठ एकदम भरीव दिसायला लागली. तेव्हापासून फोटोंचं टेबल त्याच्याच ताब्यात आहे.

सजवलेल्या खोलीत, माणसांसकट काढायचे जाहिरातीचे फोटो मात्र आजही व्यावसायिक फोटोग्राफरकडेच जातात. फरक इतकाच, की आता त्यांच्याशी बोलताना उजेड कुठून हवा ते आम्हाला सांगता येतं. सध्या हाच कारागीर व्हिडिओ जोडायला शिकतोय.