अँबेसेडरसाठी रेडिएटर आणि पंखा निवडताना: माझा अनुभव

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी अण्णांची १९७१ सालची अँबेसेडर मार्क २ अजून चालती आहे. तिचे १,४८९ सीसीचे इंजिन साधे आणि सोशिक आहे. तरीही गेल्या काही उन्हाळ्यांत ती इतकी तापू लागली होती, की मे महिन्यात तिला जवाहर मार्गाच्या गर्दीत न्यायचे मी टाळू लागलो होतो. महेश्वरहून परतताना भेरू घाटात दुसऱ्यांदा वाफ उसळली आणि आईला भर उन्हात रस्त्याच्या कडेला तासभर थांबावे लागले, तेव्हा हे काम आता पुढे ढकलायचे नाही असे मी ठरवले.

सल्ले अनेक मिळाले. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका, ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर बसवा, इंजिनावरचा पंखा काढून मारुती ८००चा विजेचा पंखा लावा, असे तीन जणांनी तीन उपाय सुचवले. गाडी नेमकी कुठे आणि केव्हा तापते, हे मात्र एकानेही विचारले नाही. माझ्या मते सगळी निवड याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. गाडी उभी असताना किंवा रांगत असताना तापत असेल, तर रेडिएटरमधून पुरेशी हवा जात नाही, म्हणजे दोष बहुधा पंख्याकडे असतो. मोकळ्या रस्त्यावर किंवा चढावर तापत असेल, तर हवा भरपूर मिळूनही उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे रेडिएटर, पाण्याचा प्रवाह किंवा खुद्द इंजिन तपासायला हवे. आमची गाडी दोन्हीकडे तापत होती, त्यामुळे दोन्ही बाजूंनी शोध घेणे भाग होते.

आधी मी स्वतंत्र तापमापक बसवला, इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासून घेतले आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधला, पाणी व वायू अडवणारा थर) फुटलेले नाही ना, हे पाहण्यासाठी थंड इंजिन चालू करून उघड्या रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहिले. बुडबुडे नव्हते. मग इंजिन पूर्ण गरम करून, दुरून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक मी रेडिएटरच्या जाळीवरून ओळीने फिरवली. वरच्या टाकीजवळ ९४ अंश होते आणि खाली येताना आकडा सावकाश उतरत होता. पण डाव्या बाजूच्या हातभर पट्ट्यात तो एकदम ५८वर आला. इतकी थंड जागा म्हणजे त्या नळ्यांतून पाणी वाहतच नव्हते. जवळपास एक तृतीयांश रेडिएटर नुसता शोभेला उरला होता.

छोटी ग्वालटोलीतल्या एका जुन्या कारागिराने माझ्यासमोर वरच्या टाकीचा डाख वितळवून ती उचलली. आत नळ्यांच्या तोंडांवर पांढरट-तपकिरी खडीसारखा थर होता. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, “साहब, ये बोरिंग का पानी है।” त्याचे म्हणणे खरे होते. कितीतरी वर्षे आम्ही अंगणातल्या नळाला पाइप लावून, बोरिंगचे जड पाणी गाडीत भरत आलो होतो. शिवाय आधी केव्हातरी कोर, म्हणजे नळ्या-पत्र्यांची जाळी, बदलताना नळ्यांच्या मूळच्या तीन ओळींऐवजी दोनच ओळींची जाळी बसवली गेली होती, हेही तेव्हाच कळले.

आता प्रश्न होता पितळ-तांब्याचा की ॲल्युमिनियमचा. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा बरीच जास्त उष्णता वाहून नेते, हे खरे. पण जुन्या रेडिएटरमध्ये पत्रे नळ्यांना डाखाने जोडलेले असतात आणि डाख उष्णतेच्या बाबतीत मंद असतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात आणि पत्रे त्यांना भट्टीत थेट जोडले जातात, त्यामुळे चांगला ॲल्युमिनियम रेडिएटर प्रत्यक्षात कमी पडत नाही आणि वजनाला हलका असतो. तरीही मी मूळ पितळी टाक्या ठेवून नवा तीन ओळींचा तांब्याचा कोर घालून घेतला. बाजारात मिळणाऱ्या ॲल्युमिनियम रेडिएटरची तोंडे आमच्या होजपाइपांशी जुळत नव्हती, हे एक कारण. दुसरे, मला अधिक महत्त्वाचे वाटणारे कारण असे, की महेश्वरच्या वाटेवर धामणोदला किंवा मानपूरला गळती लागली, तर तांब्या-पितळेला डाख देणारा माणूस सापडतो. ॲल्युमिनियमचे तसे नाही. जाळीचे पत्रे फार दाट घ्यायचे नाहीत, असे कारागिराने बजावले, कारण माळव्यातली धूळ आणि किडे दाट जाळीत अडकतात आणि वारा कोंडतो. ते मी ऐकले. कोर, डाख आणि दाबाची चाचणी मिळून साडेसात हजार रुपये लागले.

इंजिनाचे कामही त्याच वेळी केले, कारण नव्या रेडिएटरमध्ये जुना गाळ सोडण्यात अर्थ नव्हता. ब्लॉकच्या बाजूचा पाणी सोडण्याचा नळ इतका बुजला होता, की तार घालून तो मोकळा करावा लागला. थर्मोस्टॅट मी काढला नाही, नवा बसवला. तो काढला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो आणि तोवर ते जास्त पेट्रोल पीत, काजळी साठवत चालते.

रेडिएटरच्या झाकणाच्या बाबतीत दुकानदाराने १३ पौंडांचे, म्हणजे दर चौरस इंचाला १३ पौंड दाब धरणारे, झाकण पुढे केले. मी ७ पौंडांचेच मागितले. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने उघडे पाणी इथे साधारण ९८ अंशांवर उकळते आणि ७ पौंडांचा दाब तो बिंदू ११० अंशांच्या आसपास नेतो. दाब आणखी वाढवला, तर हा बिंदू वर जातो, पण पन्नास वर्षांच्या टाकीच्या सांध्यांवर आणि होजवर ताणही तितकाच वाढतो. पाण्याचेही तसेच आहे. इथे पाणी गोठण्याचे भय नाही आणि साधे पाणी कूलंटपेक्षा (गोठणे आणि गंज रोखणाऱ्या द्रवापेक्षा) जास्त उष्णता वाहते; म्हणून डिस्टिल्ड पाण्यात गंज थांबवण्यापुरते, सुमारे एक तृतीयांश कूलंट मी घातले.

पंख्याचा निर्णय सर्वांत अवघड गेला. इंजिनावरचा पंखा इंजिनाच्या वेगानेच फिरतो, त्यामुळे गर्दीत जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच तो मंद असतो. मात्र तो काढून सगळा भार विजेच्या पंख्यावर टाकायचा, तर आमच्या गाडीत वीज बनवायला जुन्या पद्धतीचा डायनामो आहे. तो पूर्ण वेगात जेमतेम २२ अँपिअर देतो आणि इंजिन मंद चालताना जवळजवळ काहीच देत नाही. दोन हेडलाइटच सात-आठ अँपिअर खातात. मोठा पंखा १५ अँपिअर घेऊ लागला, तर रात्रीच्या गर्दीत बॅटरी उतरणार हे उघड होते. मंद वेगातही वीज देणारा ऑल्टरनेटर बसवणे हा सरळ उपाय होता, पण अण्णांच्या गाडीचा डायनामो मला काढायचा नव्हता. म्हणून मूळ पंखा ठेवला, त्याच्याभोवती पत्र्याचे कडे करून घेतले, म्हणजे तो बाजूची गरम हवा न ओढता जाळीतूनच हवा ओढेल, आणि रेडिएटरच्या पुढे सात अँपिअरचा दहा इंची पंखा फक्त गर्दीसाठी बसवला. जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्याच्यासोबत आल्या होत्या. हादऱ्यांनी त्या नळ्यांना घासतात, म्हणून मी लोखंडी पट्ट्या करून तो चौकटीला धरवला.

पहिल्या दिवशी मात्र उलटेच झाले. पंखा लावताच काटा ९० वरून ९७ वर चढला. तास गेल्यावर सुचले आणि मी ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला. तो जाळीकडे ओढला न जाता माझ्या तोंडावर उडाला. पंखा मुळात रेडिएटरच्या मागे बसवण्यासाठी केलेला होता, त्यामुळे पुढे बसवल्यावर तो हवा बाहेर फेकत होता आणि इंजिनाच्या पंख्याशी झगडत होता. मोटरच्या दोन तारा आलटून पालटून जोडल्या, तर दिशा बदलते. पण पात्यांचा बाक उलटा राहतो आणि जोर कमी पडतो, म्हणून पाती काढून तीही पालटून बसवली. त्यानंतर कागद ग्रिलला चिकटून राहिला. तारेत रिले (पंख्याचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि फ्यूज घातला आणि ९२ अंशांवर चालू होऊन ८७वर बंद होणारा स्विच जोडला.

एप्रिलअखेर आईला घेऊन महेश्वरला गेलो. परतताना दुपारी दोनच्या उन्हात निमाडातून माळव्यावर चढताना, ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना, काटा ९३ला गेला, पुढचा पंखा आपोआप सुरू झाला आणि चार-पाच मिनिटांत काटा ८८वर उतरला. मानपूरला थांबून वरच्या आणि खालच्या टाकीचे तापमान घेतले, तेव्हा फरक आठ अंशांचा होता आणि जाळीवर थंड पट्टा कुठेही नव्हता. आईच्या पायाशी नेहमी असणारा पाण्याचा पाच लिटरचा कॅन आता डिकीत गेला आहे. त्यात डिस्टिल्ड पाणी आहे आणि शेजारी एक जादा फ्यूज.