तळघराचं दार: आमच्या खेळातल्या गुप्त पंथासाठी पुण्यात एक दिवस

दर शनिवारी रात्री आम्ही पाच जण साताऱ्यात एका टेबलाभोवती बसून फासे टाकतो. चार वर्षं झाली. शिलावर नावाचं एक शहर आम्ही कागदावर वसवलंय आणि बाकीचे चौघं त्यातलं एकेक पात्र खेळतात. त्या खेळाची गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारी, मी. दिवाळीनंतर मी शिलावरात एक गुप्त पंथ आणला, उपळकर. शहराच्या पोटात एक नदी झोपली आहे असं मानणारे आणि तळघरात तिची पूजा करणारे लोक. कल्पना इतकीच माझी होती. बाकीचं सवयीनं भरलं: काळे झगे, मुखवटे, अमावास्या, नरबळी.

दुसऱ्याच शनिवारी आमच्यातल्या एकीनं फासे खाली ठेवले. तिच्या आजोबांनी एका गोसावी गुरूंकडून दीक्षा घेतली होती. "ते मंत्र आजीलासुद्धा सांगायचे नाहीत. कान फुंकून मिळालेला मंत्र सांगायचा नसतोच. म्हणून ते काय माणसं कापत होते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या राज्यात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला, तिथं मी तो प्रकार मसाल्यासारखा भुरभुरला होता. उपळकरांनी तोंड बंद का ठेवायचं, याचं एकही कारण माझ्या वहीत नव्हतं. ते शोधायला आम्ही दोघी जानेवारीतल्या एका बुधवारी पुण्याला गेलो. तिनंच सुचवलं, सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती बघू.

पहाटेच्या एसटीनं स्वारगेट, तिथून भुयारी मेट्रोनं कसबा पेठ. हा मार्ग २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला आणि साताऱ्याकडून येणाऱ्यांची मोठी सोय झाली. गाडी घेऊन येणार असाल तर ती पेठांत नेऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत आणि पार्किंग शोधण्यातच सकाळ जाईल. स्टेशनातून वर आल्यावर फडके हौद चौक विचारा. हौदाचं नाव आता चौकाला उरलंय, पण आमच्या कामाची गोष्ट तिथूनच सुरू झाली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात (१७४० ते १७६१) कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे आठ किलोमीटर दगडी नळ जमिनीखालून आणला गेला. पंप नाही, काही नाही, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी शहरात यायचं आणि हौदांत पडायचं. वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी विवरं बांधली होती, त्यांना उच्छ्वास म्हणतात. हवा खेळायला, गाळ बसायला आणि माणसाला आत उतरायला ती लागत. मी चौकातच वही उघडली. झोपलेली नदी मी कल्पनेनं आणली होती, इथं मात्र पेठांच्या खालून खरंच पाणी वाहत होतं आणि त्याला श्वास घ्यायच्या जागा होत्या.

तिथून सोमवार पेठ चालत पंधरा-वीस मिनिटं. कमला नेहरू हॉस्पिटल विचारत जा आणि मग त्रिशुंड गणपती. गल्लीत शिरल्यावरही घरांच्या आड असलेलं देऊळ एकदम दिसत नाही. शेजारून नागझरी ओढा जातो. आज त्याला वास येतो, पण हे देऊळ ओढ्याकाठी बांधलेलं आहे हे लक्षात ठेवूनच आत जा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

समोरची दर्शनी भिंत हेच खरं तर अर्ध्या दिवसाचं काम. काळा पाषाण, दारावर गजलक्ष्मी, दोन्ही बाजूंना द्वारपाल, झुंजणारे हत्ती. आणि एक गेंडा. साखळदंडानं जखडलेला एकशिंगी गेंडा आणि त्याच्याजवळ बंदूक घेतलेले गोरे शिपाई. मी गुडघ्यावर बसून बघितलं. साखळीची कडी न् कडी सुटी कोरलेली दिसते, सकाळच्या तिरक्या उन्हात तर फारच स्पष्ट. बांधकाम १७५४ साली सुरू झालं, मूर्तीची स्थापना १७७० ला. मधे, १७५७ ला, प्लासीची लढाई होऊन बंगाल इंग्रजांच्या हाती गेला. गेंडा म्हणजे तो पूर्वेकडचा मुलूख, असं अभ्यासक सांगतात. पुण्यात बसलेल्या एका गोसाव्याला बंगालची बातमी होती, ती त्याला महत्त्वाची वाटली आणि त्यानं ती देवळाच्या दारावर कोरून घेतली. ज्यांना आपण जगापासून तोंड फिरवून बसलेले समजतो त्यांना जगाची इतकी खबर होती.

देऊळ बांधलं भीमगिरजी गोसाव्यांनी. दशनामी गोसाव्यांच्या दहा नावांतलं हे गिरी: गिरी, पुरी, भारती, वन, अरण्य वगैरे. अठराव्या शतकातले हे लोक नुसते जपमाळ ओढणारे नव्हते. सावकारी करत, माल लांबवर नेत, वेळ पडली तर हत्यार घेऊन लढत. त्यांच्यात मालमत्ता बापाकडून मुलाकडे जात नाही, गुरूकडून चेल्याकडे जाते. मैत्रीण हे सांगत होती तेव्हा माझं अर्धं काम झालं. ज्याला वारसा द्यायचा तो रक्ताचा नाही, निवडलेला आहे. मग काय सांगायचं, कुणाला आणि कधी, हे जपावंच लागणार.

आत गाभाऱ्यात मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती. भिंतीवर तीन शिलालेख: दोन संस्कृत आणि एक फारसी. फारसी लेख गणपतीच्या देवळात कसा, म्हणून आम्ही बराच वेळ तिथं थांबलो. मागच्या भिंतीवरचं लिंगोद्भवाचं शिल्प चुकवू नका. ब्रह्मा हंस होऊन वर गेला, विष्णू वराह होऊन खाली, आणि दोघांनाही शिवलिंगाचं टोक सापडलं नाही, ती कथा.

आणि मग तळघर. देऊळ उंच जोत्यावर आहे, जोत्याच्या पोटात समाधी आहे आणि तिथं झऱ्याचं पाणी साचतं. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं. मी हिरमुसले. कट्ट्यावर वाती वळत बसलेल्या एका आजींनी हात हलवला, "गुरुपौर्णिमेला या पोरींनो, त्या दिवशी पाणी काढतात. सगळ्यांना बघता येतं." एवढं बोलून त्या परत वातीला लागल्या. त्यांच्या लेखी त्यात गूढ असं काहीच नव्हतं. दाराला पहारा नाही, शाप नाही. पाणी आहे आणि पंचांग आहे. तळघर बघायचंच असेल तर आषाढातली गुरुपौर्णिमा धरूनच या, सकाळी लवकर या, आणि ओल्या पायऱ्यांवर घसरणार नाही अशा बेतानं या.

हे पूजा चालू असलेलं देऊळ आहे. खेळातले झगे-मुखवटे घालून फोटो काढायला येऊ नका, हे मी कळकळीनं सांगते. गाभाऱ्यात फोटोआधी पुजारीकाकांना विचारा. संकष्टी आणि मंगळवार टाळलात तर निवांत बघता येईल. मोबाइलपेक्षा वही-पेन्सिल न्या, शिल्प काढायला बसलं की दुप्पट दिसतं.

जवळच नागेश्वराचं जुनं देऊळ आहे, तेही पाहून घ्या. मग रिक्षानं जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटकाळातलं, एका खडकातून खाली कोरत नेलेलं लेणं. अंगणात गोल छपराचा नंदीमंडप. रस्त्यावर बसचे हॉर्न आणि चार पायऱ्या उतरलं की आवाज मागे राहतो. काम अर्धवट सोडलेलं आहे हे खांबांकडे बघून कळतं. का सोडलं याचा विचार करत आम्ही तिथं डबा उघडणार होतो, पण ते बरं नव्हे, बाहेर येऊनच खा. चपला काढाव्या लागतात, म्हणून उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, दगड भाजतो.

परतीच्या एसटीत उपळकर नव्यानं लिहिले. झगे गेले, नरबळी गेला. शिलावरचा राजा पाणी विकतो, म्हणून झोपलेल्या नदीचे उच्छ्वास कुठं आहेत हे उपळकर जपतात. गुरू चेल्याच्या कानात एकाच उच्छ्वासाची जागा सांगतो, सगळा नकाशा कुणालाच ठाऊक नाही. एकाला पकडून राजाला फार काही मिळत नाही. आणि वर्षातून एक दिवस ते तळघर उपसतात, दिवसाढवळ्या दार उघडतात, ज्याला यायचं त्यानं यावं.

त्या शनिवारी मैत्रिणीनं आपलं पात्र बदलून उपळकरांची चेली घेतली. मी टेबलावरून वाकून तिच्या कानात एका उच्छ्वासाची जागा सांगितली. बाकीच्या तिघांनी दोन-तीनदा विचारलं. तिनं अजून सांगितलेली नाही.