पोराला शाळेत त्रास देतात, काय करू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी शाळेत शिकवते, आणि पालकसभा संपली की कोणीतरी आई हमखास मागे थांबते, मॅडम, याला वर्गातली मुलं खूप त्रास देतात, आम्ही काय करायचं? बाबा सोबत असले तर म्हणतात, मी सांगितलंय त्याला, तूही दोन लगाव.

तेवढं सांगू नका प्लीज. त्रास देणारी मुलं मॅडमची पाठ फिरली की देतात आणि वैतागलेला तुमचा मुलगा भर वर्गात हात उचलतो, मग ऑफिससमोर उभा कोण तर तोच. आणि ज्याला मारणं जमतच नाही त्याला वाटतं बाबांनाही मी भित्रा वाटतो, मग तो घरी सांगायचंच बंद करतो, मला भीती वाटते ती याची.

मुलगा बोलायला लागला की आधी पूर्ण ऐका, "तू काय केलं होतंस" हे त्या दिवशी नको. मग कुठे झालं ते विचारा, कारण बरंचसं वर्गात होतच नाही, व्हॅनमध्ये होतं, टॉयलेटपाशी होतं, मधल्या सुट्टीत डबा हिसकावतात, आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, तिथलं असेल तर डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा. वार, जागा, कोण कोण होतं, लिहून ठेवा. "सगळेच त्रास देतात" म्हटलं की आम्हालाही काही सुधरत नाही, पण "मंगळवारी व्हॅनमध्ये मागच्या सीटवर" असं कळलं तर त्या दोघांना दुसऱ्याच दिवशी व्हॅनवाल्या काकांच्या नजरेसमोर पुढे बसवता येतं.

गेटवर त्या मुलाच्या आईवडिलांना गाठू नका, तिथे नुसतं भांडण होतं. आधी वर्गशिक्षिका, आठवडाभरात काही हललं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, आणि पोच घ्याच. महाराष्ट्रात २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती, असायला हवी, ती कोण बघतं विचारा. शाळा दादच देत नसेल तर १०९८, चाइल्डलाइन, मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास फुकट, मुलाने स्वतः फोन केला तरी चालतो. रोज सकाळी पोटात दुखतंय, झोप नाही, असं सुरूच राहिलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

शाळा बदलू का, असंही विचारतात. बदला, त्यात कमीपणा काही नाही, पण त्याला विचारून, कारण तिथे त्याचा एखादा जिवाभावाचा मित्रही असतो. मी तरी अर्जाचं उत्तर येईपर्यंत थांबा म्हणते. मारहाण होत असेल तर मात्र एक दिवससुद्धा थांबू नका.