आईची खाडी आणि आमचा समुद्र

लंडनच्या पूर्वेला साधारण ६५ किलोमीटरवर, थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे साउथएंड-ऑन-सी नावाचं गाव आहे. गाव म्हणायची माझी जुनी सवय. २०२२ पासून त्याला शहराचा दर्जा आहे. नावातच 'सी' असल्यामुळे आपण समुद्रकाठी राहतो याबद्दल आमच्या शाळेत कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती फक्त आईला. आई मालवणची. बाबांच्या हॉस्पिटलातल्या नोकरीपायी १९८४ साली आम्ही तिथे गेलो आणि गेल्या गेल्या कठड्याशी उभं राहून तिने निकाल देऊन टाकला, "ह्यो कसलो समुद्र? ही तर खाडी!" समोर केंटचा किनारा दिसत होता. पलीकडचा काठ दिसतो त्याला समुद्र म्हणायला ती अजूनही तयार नाही.

आणि नकाशा उघडून बघाल तर तिचंच खरं आहे. ते थेम्सचं मुख आहे. ओहोटी लागली की पाणी दीडेक किलोमीटर मागे जातं आणि उरतो तो चकाकता करडा चिखल, त्यात एका अंगावर कलंडलेल्या होड्या. सुट्टीच्या दिवशी लंडनहून आगगाडी भरभरून माणसं यायची. मुलांच्या हातात बादल्या, फावडी. उतार उतरून खाली आली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. समुद्र गेला कुठे? आम्ही स्थानिक पोरं कठड्यावर बसून आइस्क्रीम चाटत हा तमाशा बघायचो आणि विचारलंच कुणी, तर "येईल संध्याकाळी" असं सांगायचो.

तिथला जगप्रसिद्ध पिअरही या चिखलापायीच जन्माला आला. लंडनहून येणाऱ्या बोटींना काठाशी लागता येईना, म्हणून धक्काच पाण्यापर्यंत न्यायचा ठरला. १८३० मध्ये लाकडी पिअर झाला, तो वाढवत नेला, १८८९ मध्ये त्याच्या जागी लोखंडी आला. लांबी २.१६ किलोमीटर, हौसेने फिरायला बांधलेला एवढा लांब पिअर जगात दुसरा नाही. त्यावर एक छोटी आगगाडीही धावते, पण आम्ही गेलो तेव्हा ती १९७८ पासून बंद होती. त्यामुळे पाहुणे आले की सगळी वरात पायी. ओव्हरकोटाखाली नऊवार नसली तरी सहावार साडी नेसलेली आई, वाऱ्याने फडफडणाऱ्या निऱ्या एका हाताने धरलेल्या, आणि दुसऱ्या हातात पोळी-भाजीचा डबा. टोकाला पोचून डबा उघडला की खाली फळ्यांच्या फटींतून एकदाचं पाणी दिसायचं. १९८६ च्या मे महिन्यात गाडी पुन्हा सुरू झाली. आम्हाला केवढा आनंद! जूनअखेरीस एक जहाज येऊन पिअरवर आदळलं आणि टोकापाशी तो आरपार कापला गेला. या पिअरच्या पत्रिकेतच काहीतरी आहे: १९७६ मध्ये आग, नंतर २००५ मध्ये पुन्हा आग.

भरती-ओहोटीची वेळ बघायला गावात छापील पुस्तिका मिळायची. आई ती कधी घ्यायची नाही. तिच्याकडे कालनिर्णय होतं आणि कोकणातला हिशेब होता: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ आली. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा त्यात एक मिळवायचा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होई, पण गणित चालायचं! चंद्र डोक्यावर आल्यापासून भरतीला लागणारा वेळ मुंबईकडे आणि थेम्सच्या मुखाशी योगायोगाने जवळपास सारखा आहे, हे मला फार पुढे कळलं. शेजारच्या आजी मात्र आईला हे कसं कळतं म्हणून तिच्याकडे जरा भीतीच्याच नजरेने बघत.

शेजारचं ली-ऑन-सी हे कोळ्यांचं जुनं गाव. तिथे किनाऱ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॉकल्स उकडून विकतात. कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांची चुलत बहीण. शिंपला गोलसर आणि वरून खोल रेघांचा. (१९४० मध्ये या कॉकल पकडणाऱ्या सहा होड्या फ्रान्समधल्या डंकर्कला अडकलेल्या सैनिकांना आणायला गेल्या होत्या. 'रिनाउन' ही परतताना सुरुंगावर गेली, तिच्यावरचा कुणीच वाचला नाही.) इंग्रज मंडळी हे कॉकल्स व्हिनेगर आणि पांढरी मिरपूड घालून, थंडगार, कागदी वाडग्यातून खातात. आईने एकदा खाल्ले आणि शेडमधल्या माणसाकडे न उकडलेले, शिंपल्यासकट मागितले. त्याला आधी समजेना, मग हसू आवरेना. पण दिले पिशवीभर. रात्रभर ते मिठाच्या पाण्यात बादलीत राहिले. काळोखात त्यांच्या पिचकाऱ्यांचा बारीक आवाज येत होता आणि सकाळी तळाला बोटभर रेती. ओल्या नारळासाठी बाबा बार्किंगला गाडी बदलून लंडनमधल्या ग्रीन स्ट्रीटच्या देशी दुकानांत गेले होते. मालवणी मसाला आणि आमसुलं घरचीच. त्या दिवशी सुक्याच्या वासाने अख्खी गल्ली भरली. माझ्या मते इंग्रजांनी व्हिनेगरमध्ये जे काही वाया घालवलं, त्यात कॉकलचा नंबर वरचा लागेल.

आमच्या भीतीचंही ठिकाण ठरलेलं होतं. १९४४ मध्ये समोरच्या केंटच्या काठावरच्या शीअरनेसजवळ बुडालेलं 'रिचर्ड माँटगोमेरी' हे अमेरिकन जहाज अजून तिथेच आहे, पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं घेऊन. त्याच्या डोलकाठ्या पाण्याबाहेर दिसतात. गडगडलं की दादा हमखास म्हणायचा, "गेलं बघ ते!"

ऑक्टोबरात जत्रेची गर्दी ओसरली, दुकानांची शटर्स पडली की सायबेरियातून ब्रेंट जातीचे काळपट हंस त्या चिखलावर उतरायचे. त्यांना तिथलं गवत हवं असतं. दुपारी चारला काळोख, त्यात त्यांचा गलका. मला गावाचा हाच मोसम आवडायचा. उन्हाळ्यातलं साउथएंड पाहुण्यांचं, आम्ही आपले घरमालकांसारखे अंग चोरून.

लंडनला कुणी येणार असाल तर फेंचर्च स्ट्रीट स्टेशनहून गाडी पकडा, तासाभरात पोचाल. पिअरवर जाताना चालत जा, येताना गाडीने या. परतीला वारा समोरून असेल तर चालणं नको होतं. आणि कॉकल्स घेताना व्हिनेगर टाकायच्या आधीच हात वर करा.