फेंडरवरचा आकडा

रंगाची जाडी मोजायचा मीटर दुसऱ्यांदा लावला तरी तोच आकडा. ११४०. जरा खाली, चाकाच्या कमानीजवळ, ११८०. मी मीटर बंद करून परत चालू केला, सोबतच्या पट्टीवर तपासून घेतला आणि शेजारच्या दारावर टेकवला. दारावर ९२. पुन्हा फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर. ११६०.

हे आकडे मायक्रॉनमधले. झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे त्या फियाटच्या दारावर एका कागदाएवढा रंग होता आणि मागच्या डाव्या फेंडरवर अकरा-बारा कागदांची चळत. एवढा थर कारखान्यात बसत नाही. आत लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरलेली असणार.

"काका, गाडी मागनं कधी ठोकली होती का हो?"

"छे!" काका लगेच म्हणाले. "८५ सालची गाडी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातनं आली तशी आहे. मी कुणाच्या हातात दिलीच नाही कधी."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

ही गेल्या नवरात्रातली गोष्ट. माझं शेड कोल्हापुरात उद्यमनगरात. गाड्यांचा रंग राखायचं आणि गेलेला परत आणायचं काम मी करतो. बहुतेक गाड्या माझ्याकडे येतात, पण ही प्रीमियर पद्मिनी, सगळे फियाट म्हणतात तीच, बघायला मी राजारामपुरीत त्यांच्या घरी गेलो होतो. पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं होतं, "दसऱ्याच्या पूजेला गाडी चमकली पाहिजे, सिरॅमिकचा लेप मारून टाका." एका गॅरेजनं अख्ख्या गाडीला नवा रंग मारायचा सल्ला दिला होता. काकांना ते नको होतं. "नवा रंग मारला की ती माझी गाडी राहत नाही बघा," एवढंच ते म्हणाले, आणि मला ते पटलं.

गाडीचा मूळ रंग फिकट निळा. आता तो निळा म्हणवत नव्हता. बोट फिरवलं की बोटाला खडूसारखी पूड लागायची. पश्चिमेच्या बाजूचं दार तर पांढुरकंच पडलं होतं, कारण गाडी चाळीस वर्षं पत्र्याच्या छपराखाली उभी आणि दुपारनंतरचं ऊन आडवं आत येतं. उन्हानं रंगातला राळेचा भाग मरतो, त्यानं धरून ठेवलेले रंगाचे कण सुटे होतात, आणि तीच ती पूड. त्यात काका दर रविवारी रॉकेलचा बोळा फिरवायचे. दोन तास गाडी लखलखायची, मग त्याच तेलकटपणावर रस्त्याची धूळ बसायची आणि पुढच्या रविवारी तीच धूळ रंगावर घासली जायची. सोसायटीत एका बादलीत पंधरा गाड्या पुसणारी पोरं नव्या गाड्यांचं हेच करतात. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोल गोल रेघांची नक्षी दिसते, ती ह्याच फडक्याची.

आत्ताच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअरचा वेगळा पारदर्शक थर असतो. पॉलिश करताना तो थर घासला जातो, खालचा रंग नाही. ८५ च्या फियाटवर असलं काही नाही. जो निळा दिसतो तोच वरचा आणि तोच शेवटचा. पॉलिशचं फडकं निळं झालं की ते गाडीचंच अंग फडक्यावर आलेलं असतं.

म्हणून मी आधी मोजतो. शिकाऊ असताना मी एकदा मोजलं नव्हतं. एका चंदेरी गाडीच्या बॉनेटच्या कडेवर मशीन जरा जास्त रेंगाळलं आणि खालचा प्रायमर उघडा पडला. नखाएवढा डाग. कडेवर, उंचवट्यावर रंग नेहमीच पातळ असतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. वस्तादांनी आवाज चढवला नाही. रात्रभर बसून त्यांनी बॉनेट नव्यानं रंगवलं आणि मला बाजूला उभं करून प्रत्येक कोट दाखवला. तेव्हापासून कडांवर टेप लावल्याशिवाय माझं मशीन सुरू होत नाही.

तर मी काकांच्या गाडीवर टेपचे तुकडे चिकटवून त्यांवर आकडे लिहीत गेलो. छतावर ६५ ते ७२, ऊन सगळ्यात जास्त तिथेच. बॉनेटवर ८० च्या आसपास, पण मधोमध ५८. तिथे तपकिरी कमानीसारखा डाग होता. दर दसऱ्याला झेंडूची माळ तिथे पडायची, ओली फुलं दोन-तीन दिवस उन्हात तापायची, आणि मग काका तो डाग राखेनं घासून काढायचे. सालाबादची भक्ती अशी बॉनेटवर उतरली होती.

आणि फेंडर. ११६०.

काका पुण्याचा फोन घ्यायला आत गेले तेव्हा काकू पायरी उतरून आल्या.

"पॉलिश केल्यावर ते दिसंल का?" त्यांनी हळूच विचारलं.

कुठलं ते, हे विचारायची गरज नव्हती. मी खरं ते सांगितलं. आत्ता सगळ्या गाडीवरच पांढरी साय आहे म्हणून झाकलंय. एकदा मूळ निळा वर आला की नंतर मारलेला रंग वेगळा पडणार.

"९४ साली हे ट्रेनिंगला नागपूरला गेले होते," त्या म्हणाल्या. "मी शेजारच्या वहिनींबरोबर गाडी शिकत होते. मागं घेताना गेटच्या खांबाला लागली. हे यायच्या आत एकानं दोन दिवसांत करून दिलं. नंतर मी काही गाडीला हात लावला नाही."

मी काय बोलणार? सांगायचं की नाही हा त्या घरातला प्रश्न होता. पण फेंडर माझ्या हातात आला होता. मी खाली बसून चाकाच्या कमानीची आतली कडा बघितली. चिंधीवर थिनर घेऊन तिथे दाबून धरला तर रंग विरघळून चिकट झाला. दुसऱ्या बाजूच्या कमानीला तसाच थिनर लावला तर पुडीशिवाय काही निघालं नाही. मूळ रंग भट्टीत भाजलेला असतो, थिनरला दाद देत नाही. हा डुको होता, गॅरेजमध्ये हवेवर सुकवलेला. मग बारकं लोहचुंबक फिरवलं. दारावर ते खटकन बसायचं, फेंडरच्या मधल्या भागावर घसरून हातात यायचं. कमानीपाशी रंगाला तीन-चार बारीक फोड होते. अंगठ्यानं दाबल्यावर एक फोड आत गेला आणि तांबडं पाणी आलं.

लांबी पाणी पिते. वरचा रंग एकदा का तडकला की पावसाळ्यात ओल आत जाते, लांबी ती धरून ठेवते आणि पत्रा आतल्या आत सडतो. कोल्हापूरचे असे तीस पावसाळे त्या फेंडरनं काढले होते.

काका बाहेर आले. मी म्हटलं, "काका, बाकी गाडी हातानं वर आणता येईल. हा फेंडर मात्र उघडावा लागेल. आत गंज आहे."

"गंज? तिथंच कसा येईल? बाकी गाडीला कुठं आहे?"

त्यांचं बरोबर होतं. मी उत्तर जुळवत होतो तोवर काकूंनी रिकाम्या कपांचा ट्रे पायरीवर ठेवला.

"मी ठोकली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही नागपूरला होता तेव्हा. गेटाला."

काका फेंडरकडे बघत राहिले. मग गेटच्या खांबाकडे. खांब मध्ये कधीतरी नव्यानं बांधलेला असावा, तिथे काही खूण नव्हती. मी मीटर पेटीत ठेवायला लागलो, उगीच सावकाश.

"तुला लागलं होतं का?" काकांनी विचारलं.

"नाही हो."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि जरा वेळानं, "एवढी वर्षं..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमनगरात आणली. आधी धुणं. दोन बादल्या, एकीत शांपू, दुसरीत नुसतं पाणी, आणि हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचा, म्हणजे निघालेली माती परत रंगावर जात नाही. मग क्ले. ही मळलेल्या कणकेसारखी माती असते, भरपूर ओलावा ठेवून ती फिरवली की रंगात रुतलेले लोखंडाचे आणि काजळीचे कण ती उचलते. ऊस गाळपाच्या दिवसांत आमच्याकडे काजळी काही कमी पडत नाही. ती निघाली आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावर बोटं फिरवायची. खरखर बोटांना लगेच कळते.

मशीन मी काढलंच नाही. ६५ मायक्रॉनच्या छतावर जोराचं कटिंग करून चार-पाच मायक्रॉन घालवायचे म्हणजे काकांच्या गाडीची पुढची वर्षं आजच खर्च करणं. असल्या जुन्या, कोरड्या पडलेल्या रंगाला आधी तेल पाजावं लागतं. तेलकट ग्लेज जाड टर्किशच्या फडक्यावर घेऊन हातानं चोळायचं, फडकं निळं झालं की घडी बदलायची, आणि शेवटी जाडसर थर देऊन रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पुसलं तेव्हा दारातून जो निळा वर आला तो माझ्याही अंदाजात नव्हता. आभाळासारखा निळा नाही, त्यात हिरव्याची एक पुसट छटा होती. काका दारापाशी वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "हाच. हाच होता."

बॉनेटवरची झेंडूची कमान अर्धी निघाली. उरलेली रंगाच्या आत उतरलेली होती. ५८ च्या जागी अजून घासायला मी नकार दिला, काकांनी आग्रह केला तरी. सिरॅमिकलाही नकार दिला. तो लेप एक-दोन मायक्रॉनचा असतो, पाणी आणि मळ चिकटू देत नाही हे खरं, पण नव्या पक्क्या क्लिअरवर. ह्या रंगाला पुन्हा पुन्हा तेल लागणार, तर वरून दार बंद करून कसं चालेल? त्याला कार्नोबाचं मेण पुरे. तीन-चार महिन्यांनी परत लावायचं. पुण्याला फोन करून मी हे मुलालाही समजावलं. त्याला फारसं पटलं नसावं, पण त्यानं ऐकलं.

फेंडर उघडला तेव्हा लांबीचा पोपडा तळहाताएवढा अखंड निघाला. खाली दोन भोकं, रुपयाएवढी. पत्र्याचं काम करणाऱ्या माझ्या मित्रानं सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला, हातोडी आणि मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, म्हणजे डॉलीवर, आकार इतका बसवला की लांबी नावापुरतीच लागली. प्रायमर मी दोन्ही बाजूंनी मारला, आतूनही.

मग रंगाची शेड जुळवणं. इथे बहुतेक जण चुकतात. उन्हानं मेलेल्या रंगाशी शेड जुळवतात आणि नंतर गाडी पॉलिश झाली की तो तुकडा ठिगळासारखा वेगळा दिसतो. ९४ साली हेच झालं असणार. शेजारचं दार आधी जिवंत करायचं आणि मगच त्याच्याशी जुळवायचं. ट्यूबलाइटखाली नाही, उन्हात. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे पाच कप कालवले, पत्र्याच्या पाच तुकड्यांवर मारले, सुकू दिले, कारण ओला आणि सुका रंग एक नसतो. दाराला लावून बघितले तर तीन उघडच चुकलेले. दोन आणि चार नंबरमध्ये मी अडकलो. चारमध्ये काळ्याचा एक थेंब जास्त होता, एवढाच फरक.

काकांनी चार सांगितला.

काकू इतका वेळ खुर्चीवर बसून होत्या. त्या उठल्या, दोन्ही तुकडे हातात घेतले, दाराजवळ नेले, सावलीत नेले, परत उन्हात आणले. "तेव्हा त्या माणसानं मारला होता तो असा होता," चार नंबर खाली ठेवत त्या म्हणाल्या. "मी रोज बघत होते ना. हा घ्या."

मी तुकडा दारावर टेकवून बाजूनं बघितला, मग वरून. दोन नंबरची कडा कुठे संपते ते सापडेना. कप उचलला, हार्डनर मोजून घातला, जाळीतून गाळला आणि गनमध्ये ओतला.