तिथीचा एक, तारखेचा एक

पंधरा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला काय द्यावं? त्यालाच विचारलं तर "काही नको" म्हणतो, आणि ते खरं मानून आपण गप्प बसलो तर पुढचे चार दिवस घरात तोंड फुगलेलं. पाच वर्षांच्या पोराचं बरं असतं. दुकानासमोर उभं केलं की बोट दाखवतो, आणि बोट दाखवलेलं नाही मिळालं तर तिथेच गडाबडा लोळून विषय संपवतो. पंधराव्या वर्षी बोट दाखवायची पद्धत बंद होते. फोनवर एक लिंक येते, खाली "सहज बघ" असं लिहून. त्या लिंकवरच्या फुटबॉलच्या बुटांची किंमत सहज बघण्यासारखी नसते.

यंदा, म्हणजे 2025 ला, आमचे चिरंजीव दहावीत, त्यामुळे नातेवाइकांची सोय झाली. मामाने अपेक्षित प्रश्नसंच दिला, वर सोनेरी रिबीन बांधून. आत्याने घड्याळ दिलं, "पेपरात वेळ बघायला हो!" दोघा-तिघांनी पेनं दिली. मावशीने तेवढं शहाणपण दाखवलं आणि यूपीआयने 501 रुपये धाडले. ते अर्थात माझ्या फोनवर आले, आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी "माझे पाचशे एक तुझ्याकडे आहेत" अशी आठवण मला केली जाते. त्यातून भेळपुरी, पाणीपुरी, रिक्षा असं काय काय वजा होऊनही मूळ रक्कम कधी कमी होत नाही. बँकेत असं खातं असतं तर मीच पहिली उघडलं असतं.

आमच्या लहानपणी पाहुण्यांना असा विचार करावा लागत नसे. स्टीलचं भांडं द्यायचं. पेला, वाटी, फार जवळचं नातं असेल तर ताट. आणि ते द्यायच्या आधी भांडीवाल्याकडे बसून त्यावर नाव घालून आणायचं. तो बारीक टर्र-टर्र आवाज करणारं यंत्र हातात धरून ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं काढायचा: 'चि. अमुकतमुक हिस वाढदिवसानिमित्त', खाली देणाऱ्याचं नाव आणि तारीख. मला त्या वाट्यांचा फार राग यायचा. वाढदिवस माझा आणि वाटी आमटीची! पण त्यातला 1987 सालचा एक पेला सासरी माझ्याबरोबर आला, आणि चिरंजीव पाणी त्याच पेल्याने पितात. बाकीचे पेले कमी पाणी मावणारे आहेत असं त्याचं म्हणणं. खऱ्या आनंदाची भेट म्हणजे कोणीतरी 'किशोर'ची वर्षाची वर्गणी भरणं. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय. वाढदिवस एका दिवसात संपायचा, अंक मात्र महिन्यामागून महिने येत राहायचे, आणि भावाच्या आधी मी तो पोस्टमनच्या हातूनच ओढून घ्यायचे.

तर चिरंजीवांचे वाढदिवस. अनेकवचन मुद्दाम वापरलंय, कारण त्याचे दोन असतात. 2010 च्या 24 ऑगस्टला तो झाला, आणि त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. सासूबाई तिथी मानतात, आम्ही तारीख मानतो, आणि तो दोन्ही मानतो. तारीख बिचारी जागची हलत नाही. तिथी मात्र वर्षभर कुठे कुठे फिरून येते. 2012 साली ती 2 ऑगस्टलाच उगवली, 2023 ला अधिक श्रावण आल्याने पार 30 ऑगस्टपर्यंत सरकली, आणि यंदा 9 ला आली. चांद्र वर्ष आपल्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून दरवर्षी ती अकराएक दिवस मागे येते. फार मागे गेली की अधिक महिना तिला पुढे ढकलून देतो. हे सगळं सासूबाईंना भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानांसकट पाठ आहे.

तिथीच्या वाढदिवसाबद्दल त्याची एकच तक्रार आहे, आणि ती मला रास्त वाटते. त्याच दिवशी राखी असते. त्याला मोठी बहीण आहे. म्हणजे वाढदिवस याचा, आणि ओवाळणीत पैसे घालायचे यानेच! लहान होता तेव्हा आम्ही त्याच्या हातात नोट कोंबायचो, ती तो ताटात टाकायचा, प्रश्न नव्हता. आता स्वतःच्या पैशातून द्यावी लागते आणि ताई ताट खाली ठेवायच्या आधी नोट उजेडात धरून बघते. "वाढदिवसाची सूट धरून दोनशे," असं यंदा तो म्हणाला. ताईने पाचशेवर अडून बसून शेवटी तीनशेवर तडजोड केली. सासूबाई मधे पडल्या नाहीत. त्या नारळ खवत होत्या.

नारळी भात हे त्या दिवसाचं ठरलेलं पक्वान्न. आणि हा भात मुलांना आवडत नाही, हे वाक्यही ठरलेलं. "भात गोड कसा काय असतो?" हा प्रश्न आमच्याकडे दर श्रावणात नव्याने विचारला जातो. सासूबाई उत्तर देत नाहीत, त्या भाताकडे बघतात. त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत असतो: भात आधी पुरता शिजला पाहिजे, आणि तरी मोकळा राहिला पाहिजे. तुपावर लवंगा टाकून तांदूळ परतायचे, बेताच्या पाण्यात शिजवायचे, परातीत पसरून गार करायचे, आणि मगच गूळ-खोबरं. शितात जराशी कणी राहिली असताना गूळ घातला तर भात विठरतो. मग तासभर वाफ द्या, दोन तास द्या, तो काही मऊ होत नाही. गूळ विरघळून भाताला आधी पाणी सुटतं, मग मंद आचेवर ते आटत जातं, आणि झाकण काढल्यावर लवंगेचा आणि खमंग तुपाचा वास बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत पोचतो. पोरं ताटात दोन चमचे घेतात, आजीसाठी. पण रात्री अकरा वाजता फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला म्हणून मी गेले, तर चिरंजीव उभ्या उभ्या डब्यातूनच गार नारळी भात खात होते. गार झाल्यावर तो गोड लागत नाही, असं स्पष्टीकरण मिळालं. मी दिवा बंद करून परत आले.

तारखेच्या वाढदिवसाला आधी केक असायचा. 2020 साली बेकऱ्यांचा भरवसा नव्हता तेव्हा मीही चारचौघींसारखा कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून रव्याचा केक केला होता. पुढे विकतचे आले, त्यावर फोटो आले, मग तोंडाला क्रीम फासण्याचा प्रकार आला, तो मी एका वर्षात बंद केला. चांगलं खाण्याची वस्तू तोंडाला फासतात हे मला कधी कळलेलं नाही, आणि सोफ्याचं कापड धुवायला जाणाऱ्याला ते कळूही शकत नाही.

यंदा मात्र त्याने पंचांगात डोकं घातलं. 24 ऑगस्टला रविवार होता. आदल्या दिवशी, शनिवारी अमावास्या संपत होती, म्हणजे श्रावण संपला. गणपती 27 ला. आमच्याकडे श्रावणात अंडं-मटण घरात येत नाही आणि गणपती उठेपर्यंत पुन्हा नाही. मधली ती एवढीशी फट त्याने बरोबर हेरली. "आई, केक नको. हॉटेल नको. अंड्याचा रस्सा कर, पातळ. आणि पाव. पाच जण येतील." मी पावभाजी सुचवली, पनीर सुचवलं, बाहेरून पिझ्झा मागवायची तयारी दाखवली. एरवी घरच्या जेवणाला नाकं मुरडणाऱ्या मुलाने वाढदिवसाला रस्सा-पाव मागावा, याचा मला संशयच आला. "अरे, मित्र काय म्हणतील?" तर म्हणाला, "तेच म्हणालेत."

डब्यात दिलेला रस्सा वर्गात कोण खातं, हे मला त्या दिवशी समजलं.

हा रस्सा अगदी साधा आहे. कांदा उभा चिरून तेलावर लालसर करायचा. सुक्या खोबऱ्याची वाटी थेट गॅसवर धरून भाजायची, काळे डाग पडेपर्यंत. किसून भाजलेल्या खोबऱ्याला ती चव नाही, या मतावरून मी हटणार नाही. लसूण, आलं, थोडे धणे, मूठभर कोथिंबीर, काड्यांसकट. हे सगळं बारीक वाटायचं, मसाल्याबरोबर तेल सुटेपर्यंत परतायचं आणि कढत पाणी घालायचं. अंडी उकडून सोलत बसायची नाहीत. रस्सा खळखळायला लागला की गॅस कमी करायचा, एकेक अंडं वाटीत फोडायचं आणि वाटी रश्श्याला टेकवून अलगद सोडायचं. मग झाकण. डाव लावायचा नाही. हाच कठीण भाग. अंडं रश्श्यात शिरल्यावर पांढऱ्याचे पदर सुटायला लागतात, आणि हात शिवशिवतो ढवळायला. ढवळलं की सगळ्याची खिमट.

अंडी सोडायचं काम त्याने मागून घेतलं. सव्वासहा फूट व्हायच्या वाटेवर असलेला मुलगा कमरेत वाकून, श्वास रोखून वाटी तिरकी करत होता. पहिलं अंडं जरा उंचावरून पडलं, रस्सा ओट्यावर उडाला, बनियनवर लाल ठिपके. दुसऱ्यापासून जमलं. बारा अंडी सोडून झाल्यावर झाकण लावून तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि डाव उचलणाऱ्या आजीला "हात नाही लावायचा" म्हणाला. या घरात असं आजीला कोणी आजवर म्हटलं नव्हतं. आजीने डाव ठेवला.

जेवायच्या आधी औक्षण. याला त्याचा विरोध होता, मित्रांसमोर तर फारच. पण सासूबाईंनी पाट मांडलाच होता. पाटावर बसल्यावर त्याचे गुडघे हनुवटीला लागले. कुंकू, अक्षता, सुपारी-अंगठी ओवाळून झाली, निरांजन ओवाळून झालं, आणि डोक्यावर कापूस ठेवून "असा पांढराशुभ्र म्हातारा हो" म्हटल्यावर मागून फोन काढल्याचे आवाज आले. चिरंजीवांचे कान लाल झाले. एवढ्यात एक मित्र पुढे येऊन म्हणाला, "आजी, मला पण ठेवा ना कापूस. माझा बड्डे मार्चमध्ये झाला, पण चालेल." मग पाचही जण पाळीपाळीने पाटावर बसले. सासूबाईंनी देवघरातला वातींचा कापूस संपवला आणि मला दुसरं पुडकं आणायला पिटाळलं.

पाच मुलं किती पाव खातात याचा अंदाज मी लाद्यांच्या हिशेबात केला होता, तो चुलीत गेला. "काकू, अजून आहेत का?" असं अत्यंत सभ्य आवाजात चौथ्यांदा विचारल्यावर मी लेकीला खाली बेकरीत पाठवलं. ती परत येईपर्यंत त्यांनी रस्सा भाताबरोबर संपवायला घेतला. नुसता रस्सा वाटीने प्यायलेही. मग आयतीच पाच माणसं घरात आहेत असं बघून नवऱ्याने माळ्यावरून मखराचे खोके, समया, चौरंग सगळं खाली उतरवून घेतलं. दरवर्षी या कामावरून आमचं भांडण होतं. यंदा ते अर्ध्या तासात झालं, भांडणाशिवाय.

भेट राहिली. बूट आम्ही घेतले नाहीत, दहावीनंतर बघू म्हटलं. त्याऐवजी नवऱ्याने, मला न विचारता, त्याच्या टेबलाच्या एका खणाला कुलूप बसवलं. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातलं छोटंसं, पितळी तोंडाचं. संध्याकाळी ड्रिलने भोक पाडलं, प्लायचा भुसा टेबलभर, दोन स्क्रू, झालं. सोबत दोन किल्ल्या होत्या आणि दोन्ही त्याने मुलाच्याच हातात दिल्या. मी म्हटलं, एक आपल्याकडे राहू दे, हरवली तर? नवरा म्हणाला, "हरवली तर तो बघेल." मुलाने खण उघडला, बंद केला, कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा उघडलं. बूट मिळाले असते तरी एवढा वेळ त्यांच्याशी खेळला नसता.

आत काय ठेवतो, हे विचारायचं नाही असं मी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं. त्याने लगेच उघडून दाखवलं. आत मामाचा प्रश्नसंच होता, रिबिनीसकट. "सुरक्षित ठेवलाय," म्हणाला.

त्याच रात्री मखराची कापडं झटकताना सासूबाईंनी सहज सांगितलं, की एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा भेटतात. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात आणि चंद्राचा-सूर्याचा हिशेब चुकता होतो, जेमतेम एखाद्या दिवसाचा फरक. चिरंजीवांनी फोनवर 2029 चं कॅलेंडर काढलं. ऑगस्टची पौर्णिमा, 24 च्या आसपासच. तो खूश झाला.

"म्हणजे तेव्हा नारळी भात आणि अंड्याचा रस्सा एकाच दिवशी!"

"पौर्णिमा म्हणजे श्रावण असेल रे," आजी म्हणाली. "अंडं नाही मिळायचं."

त्याने जरा विचार केला. "तेव्हा मी होस्टेलवर असेन. अंडी तिकडे घेईन. आई, वाटण देशील ना करून?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी कापडाची घडी घातली, खोक्यात ठेवली.

"वाटणात कुठं अंडं असतं?" त्या म्हणाल्या. "दे की."