१ जानेवारीला अठरा पूर्ण

गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून जन्मतारीख लिहून टाकलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. इथे जर्मनीत एकट्यानं आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या कितीतरी अफगाण पोरांची जन्मतारीख १ जानेवारी असते. मी ज्याची ‘फोरमुंड’ म्हणजे कायदेशीर पालक होते, त्याचीही. नव्या वर्षाचे फटाके वाजले, तो सज्ञान झाला आणि माझं पालकत्व संपलं.

तोवरची व्यवस्था खरंच कौतुकाची. बालकल्याण खातं अशा मुलाला ताब्यात घेतं. वसतिगृह, शाळा, दवाखाना सगळं बघतं. सरकारी पालकाकडे एका वेळी ५० मुलं असू शकतात, म्हणून माझ्यासारख्या स्वयंसेवकाला एकच मूल देतात. दाताच्या डॉक्टरपासून आश्रयाच्या अर्जापर्यंत सही माझी.

अठरानंतरही कायद्यानं २१ पर्यंत मदत मिळते, २०२१च्या दुरुस्तीनं तो हक्क आणखी पक्का केला. पण अर्ज करावा लागतो, आणि गरज पटवून द्यावी लागते. माझा संताप इथेच आहे. अर्जावरच्या बैठकीत खात्याच्या लोकांनी त्याला विचारलं, एकट्याला काय काय जमतं? पोरगा मानी. स्वयंपाक येतो, कपडे धुतो, कामावर वेळेत जातो, असं छाती काढून सांगत राहिला, आणि त्याचं प्रत्येक ‘हो’ त्याच्याच विरोधात जात होतं. सरकारी पत्रांची पाकिटं तो न फोडता गादीखाली सरकवतो, हे शेवटी मला सांगावं लागलं. जर्मन मुलंसुद्धा सरासरी चोविशीच्या आसपास घर सोडतात. त्यांना कुणी असा जाब विचारतं का?

आपल्या घरांत तर हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात येत नाही. आपल्या बालगृहांतल्या मुलांचं काय, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठीही अठरानंतर २१ पर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे बालगृह सोडल्यावर राहायची सोय कायद्यात आहे, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रानं अनाथांना १ टक्का आरक्षण दिलं. सगळ्यांपर्यंत ते पोचत नाही, पण निदान दिलं.

आई फोनवर म्हणाली, “मग तुझ्याकडेच ठेव की त्याला.” आमच्या दोन खोल्या, त्यात मुलीची दहावी. पण खरं कारण ते नाही. त्याला माझ्याकडे पाहुणा होऊन राहायचं नाही, हक्काची खोली हवी आहे. मला ते मनापासून पटतं.

तो इलेक्ट्रिशियनचं काम शिकतोय. पूर्वी अशा मुलांच्या विद्यावेतनातले ७५ टक्के सरकार कापून घ्यायचं. ते २०२१ मध्ये २५ वर आलं आणि २०२३ पासून बंद झालं. आता पूर्ण पगार हातात येतो, आणि तो घराच्या डिपॉझिटसाठी साठवतोय.

मदत सहा महिन्यांसाठी मंजूर झाली आहे. पुढच्या बैठकीला मी त्याच्या विश्वासातली व्यक्ती म्हणून जाणार आहे. जर्मनीतल्या मराठी मंडळींनो, भाषा बऱ्यापैकी येत असेल तर आपल्या गावच्या बालकल्याण खात्यात फोरमुंडसाठी चौकशी करा. आधी पोलिसांचा दाखला आणि थोडं प्रशिक्षण लागतं, बाकी सगळं शिकता येतं.